७७ गुणांचा अल्बम ऐकायचा की सोडायचा?

रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचा 'किड ए' हा अल्बम ऑक्टोबर २००० मध्ये आला, तेव्हा पिचफोर्क या अमेरिकी संगीत-संकेतस्थळाने त्याला १० पैकी १० दिले. लंडनच्या 'मेलडी मेकर' साप्ताहिकाने पाचापैकी दीड तारा टेकवला आणि तिथल्याच एनएमई या साप्ताहिकाने १० पैकी ७ देऊन मधला रस्ता धरला. अनेकांच्या परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर या अल्बमच्या नावापुढे आज ८० दिसतात. त्या ८० मध्ये ना दहापैकी दहाचा उन्माद दिसतो, ना दीड ताऱ्याची चीड. पंचवीस वर्षांनीही या अल्बमवरून माणसे भांडतात, आणि आकडा मात्र शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून बसलेला.

अल्टरनेटिव्ह आणि इंडी संगीताचे, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या आणि बहुधा छोट्या, स्वतंत्र कंपन्यांकडून येणाऱ्या संगीताचे नवे अल्बम दर आठवड्याला इतके येतात की समीक्षकांचे मत एका जागी गोळा करून देणारी सेवा लागतेच. प्रश्न एवढाच आहे की ती कशी वाचायची. इथे परीक्षण आहे ते अशा सेवांचे, म्हणजे परीक्षणांचेच परीक्षण.

सुरुवात मेटाक्रिटिकपासून, कारण ते २००१ पासून चालू आहे आणि बाकीच्यांनी थोडाफार तोच साचा उचलला आहे. रचना सोपी आहे. निवडक नियतकालिके आणि संकेतस्थळे यांची परीक्षणे जमवायची, प्रत्येकाचा निकाल १०० पैकी गुणांत बदलायचा आणि सरासरी काढायची. किमान चार परीक्षणे जमल्याशिवाय आकडा दिसत नाही. ८१ आणि त्यापुढे 'सर्वत्र वाहवा', ६१ ते ८० 'एकंदरीत अनुकूल', ४० ते ६० 'संमिश्र'. पहिल्या दोघांना हिरवा चौकोन, तिसऱ्याला पिवळा.

पण ही सरासरी सरळ नाही. प्रत्येक प्रकाशनाला वेगळे वजन दिलेले असते आणि कोणाला किती, हे मेटाक्रिटिक सांगत नाही. शिवाय संगीत आणि चित्रपट या दोन विभागांत आलेला आकडा पुन्हा 'नॉर्मलाइज' होतो. एमएचटी-सीईटी दिलेल्या किंवा घरात कुणी दिलेल्या माणसाला हे वेगळे समजवायला नको. मूळ मार्क एक, हातात पडतो तो पर्सेंटाइल दुसराच, आणि मधला हिशेब आपल्याला दिसत नाही. म्हणून तिथल्या परीक्षणांचे गुण कॅल्क्युलेटरवर बेरीज करून भागले तर उत्तर वरच्या आकड्याशी जुळेलच असे नाही. एक-दोन गुणांचा फरक त्यामुळेच निरर्थक समजायचा. ७९ आणि ८२ यांत रंगाचाही फरक नाही, फक्त लेबल बदलते.

खरी गडबड त्याच्याही आधी, गुण बदलताना होते. अक्षरी श्रेणी देणाऱ्या प्रकाशनाचा 'ए वजा' तिथे ९१ होतो, 'बी' ७५, 'बी वजा' ६७ आणि 'सी' ५०. पाच तारे देणाऱ्यांच्या हातात वीस-वीसच्या पायऱ्या, अर्धा तारा चालत असेल तर दहा-दहाच्या. गार्डियनसारख्या ठिकाणी तीन तारे म्हणजे 'बरा आहे, दोन-तीन गाणी छान आहेत'. तेच तीन तारे इथे ६० होतात, आणि ६० म्हणजे पिवळा चौकोन. समीक्षकाने मान हलवून 'चालेल' म्हटले आणि यंत्राने ते 'जमले नाही' असे टिपून घेतले. उलट बाजूने, गुणच न देणारी परीक्षणे असतात. ती वाचून कर्मचारी अंदाजाने ७०, ८०, ९० असा गोल आकडा लावतात. 'यात समीक्षकाने आकडा दिला होता का?' हे प्रत्येक वेळी मूळ दुव्यावर जाऊन पाहावे लागते. अगदी गोल आकडा आणि खाली संदिग्ध उतारा अशी जोडी दिसली, तर तिथे हमखास क्लिक करावे.

आता दोन काल्पनिक अल्बम घेऊ. पहिल्याला सहा समीक्षकांनी ८०, ८०, ७०, ८०, ८०, ७० दिले. दुसऱ्याला १००, ४०, ९०, ६०, १००, ७०. दोन्हींची बेरीज ४६०, दोन्हींची सरासरी ७६.७, दोन्हींच्या नावापुढे ७७. पहिला नेटका, ओळखीचा, कुणाचे काही न बिघडवणारा अल्बम असण्याची शक्यता मोठी. शनिवारी सकाळी पोहे परतताना लावायला उत्तम. दुसऱ्यात काहीतरी घडलेले आहे. एक तर गायकाने आवाज बदलला असेल, ड्रमच्या जागी मशीन आले असेल किंवा नऊ मिनिटांची गाणी असतील. तुम्हाला तो एक तर डोक्यावर घ्यावासा वाटेल, नाही तर तिसऱ्या गाण्याला बंद करावासा. दोन्ही शक्यता ऐकण्याजोग्या आहेत. म्हणून आकडा पाहिला की लगेच पट्टा पाहायचा, म्हणजे सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण. अंतर २० च्या आत असेल तर सरासरीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. अंतर ४० च्या पुढे गेले की सरासरी विसरायची आणि टोकाची दोन परीक्षणे वाचायची. पानावर परीक्षणे वरून खाली उतरत्या गुणांनी लावलेली असतात, त्यामुळे थेट तळाशी जाणे दोन सेकंदांचे काम.

परीक्षणांची संख्याही पाहायची. पाच परीक्षणांवरचे ८८ आणि बावीस परीक्षणांवरचे ८३ यांत दुसरा आकडा जास्त पक्का. पाचांत एकाने मत बदलले तर आकडा पाच-सहा गुणांनी हलतो, बावीसांत जेमतेम एका गुणाने.

वेळेचा मुद्दा तर फार कमी लोक लक्षात घेतात. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. पण मोजो आणि अनकट ही ब्रिटिश मासिके छापील असल्याने त्यांची परीक्षणे अल्बमच्या कितीतरी आधी लिहून, छापून, स्टॉलवर आलेली असतात. परिणामी प्रकाशनाच्या दिवशी जो आकडा दिसतो, त्यात या दोघांचा हात मोठा. दोन्ही मासिकांचा जीव गिटारवर आणि जुन्याजाणत्या नावांवर. तेव्हा तीस वर्षे वाजवत आलेल्या बँडच्या नव्या अल्बमला शुक्रवारी ८६ दिसले तर दहा दिवस थांबावे. वेबवरची तरुण मंडळी आली की तो ७८-७९ वर उतरतो, आणि तो खरा.

एवढे करूनही एक तक्रार उरतेच. बहुतेक इंडी अल्बम ७० ते ८५ च्या पट्टीत का अडकतात? दहावीच्या निकालात सगळ्यांनाच फर्स्ट क्लास, तसे हे. कारणे सरळ आहेत. परीक्षणासाठी अल्बम निवडतानाच गाळणी लागलेली असते. जागा आणि पैसा कमी असताना कुठलाही संपादक अनोळखी पोरांच्या वाईट अल्बमवर आठशे शब्द खर्च करत नाही, तो त्यांना सरळ वगळतो. लिहिणारे बहुतेक फ्रीलान्स असतात आणि जे आवडते त्यावरच लिहायला हात वर करतात. शिवाय भीती आहे. एप्रिल २०२४ मध्ये पेस्ट या अमेरिकी नियतकालिकाने टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बमचे कडक परीक्षण लेखकाच्या नावाविना छापले. कारण तिच्याच अल्बमच्या २०१९ मधल्या परीक्षणानंतर त्यांच्या लेखकाला धमक्या आल्या होत्या. इंडी बँडचे चाहते इतके हिंसक नसतात, पण छोट्या वर्तुळात सगळे सगळ्यांना ओळखतात, तोही एक दबावच. थोडक्यात, या क्षेत्रात ७० म्हणजे 'ठीक', ६५ म्हणजे 'निराशा' आणि ६० च्या खाली म्हणजे कुणीतरी खरोखर चिडले आहे.

उलट दिशेची चूकही होते. ओएसिस या ब्रिटिश बँडचा 'बी हिअर नाऊ' ऑगस्ट १९९७ मध्ये आला तेव्हा ब्रिटिश पत्रांनी त्याच्यावर तारे उधळले. आधीच्या अल्बमला थंडे परीक्षण देऊन ही मंडळी तोंडघशी पडली होती, कारण तो तुफान खपला. या वेळी चूक नको म्हणून सगळ्यांनी एकाच दिशेने उडी मारली. काही महिन्यांतच तोच अल्बम फुगवलेला, लांबलेला, गिटारींच्या थरांत गुदमरलेला ठरला. तेव्हा एखाद्या बँडचा मागचा अल्बम समीक्षकांनी हुकवला असेल, तर पुढच्याच्या गुणांतून मनातल्या मनात पाचेक वजा करावेत.

आता पिचफोर्क. १९९६ च्या सुमारास मिनियापोलिसमध्ये एका तरुणाने घरून सुरू केलेले, पुढे शिकागोला गेलेले, २०१५ मध्ये कॉन्डे नास्ट या मासिकांच्या मोठ्या कंपनीने घेतलेले आणि जानेवारी २०२४ मध्ये जीक्यू या पुरुषांच्या मासिकाच्या छत्राखाली ढकललेले. त्या वेळी बरीच अनुभवी माणसे कामावरून गेली. तरीही इंडीच्या बाबतीत एका संकेतस्थळाचा शब्द अजून वजनदार असेल तर याचाच.

त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे ०.० ते १०.० अशी दशांशाची पट्टी. ७.३ आणि ७.४ यांत फरक काय, याचे उत्तर कुणाकडेच नाही, आणि खरे तर तेच त्या पट्टीचे आकर्षण. गुण एकट्या लेखकाच्या हातातही नसतो, तो संपादकांशी बोलून ठरतो. म्हणूनच कधी मजकूर ८.५ चा वाटतो आणि वर ७.६ लिहिलेले असते. अशा वेळी मजकुरावर विश्वास ठेवावा. मजकूर लिहिणाऱ्याने अल्बम नक्की जास्त वेळा ऐकलेला असतो. 'बेस्ट न्यू म्युझिक' हा लाल शिक्का २००३ पासून आहे. हल्ली तो बहुधा ८.२-८.३ च्या पुढे लागतो, म्हणजे ८.१ हे अकरावीचा प्रवेश एका मार्काने हुकल्यासारखे. गंमत म्हणजे याच ७.८ ते ८.१ च्या पट्टीत ऐकण्याजोगे अल्बम सर्वाधिक सापडतात. गाजावाजा नाही, पण लिहिणाऱ्याला मनापासून आवडलेले.

या पट्टीची ताकद २००४ साली दोन टोकांना दिसली. आर्केड फायर या कॅनेडियन बँडच्या 'फ्यूनरल'ला ९.७ मिळाले आणि मर्ज या छोट्या कंपनीला छापलेल्या प्रती पुरेनात. त्याच वर्षी बँड सोडून एकट्याने गाऊ लागलेल्या ट्रॅव्हिस मॉरिसनच्या 'ट्रॅव्हिस्तान'ला ०.० मिळाले आणि त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीचे कंबरडे मोडले. २००६ मध्ये जेट या ऑस्ट्रेलियन बँडलाही शून्य मिळाले. तिथे तर परीक्षणाच्या जागी एक शब्द नाही, फक्त माकडाची एक ओंगळ चित्रफीत. असला आचरटपणा आता बंद झाला, हे बरेच झाले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये पिचफोर्कने स्वतःच्याच १९ जुन्या गुणांची फेरतपासणी छापली. डाफ्ट पंकचा 'डिस्कव्हरी' ६.४ वरून १० वर गेला, लिझ फेअरचा तिच्याच नावाचा अल्बम ०.० वरून ६.० वर, आणि इंटरपोलचा 'टर्न ऑन द ब्राइट लाइट्स' ९.५ वरून ७.० वर घसरला. मूळ परीक्षणे मात्र आपापल्या जागी तशीच आहेत, त्यामुळे जुना अल्बम शोधताना कुठला आकडा हाती लागला हे पाहावे. आणखी एक फसगत म्हणजे त्यांचे रविवारचे परीक्षण. ते नेहमी जुन्या अल्बमचे असते आणि गुण बहुधा भरघोस असतात. रविवारी फोनवर ९.४ पाहून 'नवा मास्टरपीस आला' असे मित्रांना कळवण्याआधी वर्ष वाचावे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एनिडिसेंटम्युझिक हे ब्रिटिश संकेतस्थळ १० पैकी एका दशांशात गुण देते आणि पत्रांची यादी सुटसुटीत ठेवते. ब्रिटन-आयर्लंडच्या बँडसाठी मेटाक्रिटिकपेक्षा बरे. अल्बम ऑफ द इयर या संकेतस्थळावर समीक्षकांचा आणि वापरकर्त्यांचा आकडा शेजारी शेजारी दिसतो. दोघांत १२-१५ गुणांची दरी असेल तर कारण शोधण्यात मजा येते. रेट युवर म्युझिक या संकेतस्थळावर सगळा कारभार श्रोत्यांचा, अर्ध्या ताऱ्यापासून पाचपर्यंत. तिथे ३.५ च्या वर गेला की चांगला आणि ४ ओलांडणारे मोजकेच. त्या गर्दीला प्रयोग, गोंगाट आणि दीर्घ रचना प्रिय आहेत, साधे गोड गाणे तिथे नेहमी अर्धा तारा कमीच घेते. यूट्यूबवर अँथनी फँटानो २००९ पासून अल्बम तपासतो. त्याचा गुण शेवटपर्यंत थांबून ऐकायची गरज नाही, अंगातला फ्लॅनेलचा शर्ट पाहावा. पिवळा म्हणजे आवडला, लाल म्हणजे अल्बमची धडगत नाही. द क्वाएटस हे ब्रिटिश संकेतस्थळ गुण देतच नाही, आणि कदाचित म्हणूनच तिथले लिखाण जास्त चांगले.

वापरकर्त्यांच्या गुणांवर पहिल्या आठवड्यात अजिबात जाऊ नये. चाहते न ऐकता दहा देतात, विरोधक न ऐकता शून्य.

मग शुक्रवारी रात्री अल्बम निवडायचा तर क्रम असा ठेवावा. आधी परीक्षणांची संख्या आणि पट्टा. मग सर्वांत खालचे परीक्षण पूर्ण, आणि तेही तक्रार कशाची आहे ते शोधत. 'गाणी संपतच नाहीत', 'आवाज मिक्समध्ये मागे दबलाय', 'लो-फायच्या (मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या ध्वनिमुद्रणाच्या) नावाखाली नुसती खरखर' अशी नेमकी तक्रार असेल, तर ती तुम्हाला खटकेल का हे तुम्हीच ठरवू शकता. अनेकदा तक्रारच शिफारस ठरते. नंतर वरच्या परीक्षणात तुलनेसाठी आलेली बँडची नावे मोजावीत. तीनपैकी दोन तुम्हाला आवडत असतील तर पुढे व्हावे. एकही ओळखीचे नसेल तर ते परीक्षण तुमच्यासाठी लिहिलेले नाही. शेवटी लेखकाचे नाव पाहावे आणि त्यानेच लिहिलेल्या, तुम्ही ऐकलेल्या दोन-तीन अल्बमची परीक्षणे काढावीत. वर्षभर हे केले की पाच-सहा नावे अशी सापडतात, ज्यांच्याशी आपले जुळते. एक-दोन अशीही, ज्यांचे नेहमी उलटे ऐकावे. ती जास्त उपयोगी.

समीक्षकांची भाषाही एकदा अंगवळणी पडली की बरे. 'महत्त्वाकांक्षी' म्हणजे लांब. 'परिपक्व' म्हणजे ड्रम हळू झाले. 'हळूहळू उलगडणारा' म्हणजे पहिल्यांदा ऐकताना त्यालाही काही सापडले नव्हते. 'जिव्हाळ्याचा' म्हणजे बेडरूममध्ये रेकॉर्ड केलेला. आणि शेवटच्या परिच्छेदात एकदम नवीनच गाण्याचे कौतुक सुरू झाले, तर मधल्या चार गाण्यांबद्दल सांगण्यासारखे काही नव्हते.

हे सगळे चालते ते प्रचाराच्या वाटेने आलेल्या अल्बमसाठी. मार्च २०२४ च्या अखेरीस सिंडी ली या नावाने 'डायमंड ज्युबिली' आला तो यूट्यूबवर आणि जिओसिटीज या इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळातल्या सेवेच्या धाटणीच्या एका साध्या पानावर, डाउनलोड करून घ्यायच्या फायलींच्या रूपात. ३२ गाणी, दोन तास, स्पॉटिफायवर नाही. पिचफोर्कने ९.१ दिले तेव्हा लोकांना तो ऐकायचा कुठे हेच कळेना. कॅमेरन विंटर या अमेरिकी गायकाच्या 'हेवी मेटल' नावाच्या अल्बमची अडचण वेगळी. तो डिसेंबर २०२४ मध्ये आला. वर्षअखेरच्या याद्या नोव्हेंबरातच बंद होतात, त्यामुळे तो त्या वर्षाच्या बहुतेक याद्यांत बसू शकला नाही. जानेवारीत मागच्या डिसेंबरचे अल्बम मुद्दाम चाळावेत ते याचसाठी.

आणि आपल्याकडचे अल्बम? पुण्यात २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीसारखे बँड परदेशात वाजवून आले, तरी भारतीय इंडी अल्बमला मेटाक्रिटिकच्या यादीतली चार परीक्षणे मिळणे दुर्मीळच. आकडा नसणे म्हणजे अल्बम सुमार असणे नव्हे, यंत्राने तो पाहिलाच नाही एवढेच. इथे बँडकॅम्प कामी येते, म्हणजे कलाकार जिथे आपले संगीत थेट श्रोत्यांना विकतात ते संकेतस्थळ. बँडकॅम्प डेली या त्यांच्याच नियतकालिकातल्या लेखांना गुण नसतात, पण लेखातच प्लेअर असतो, म्हणजे समीक्षक ज्या गाण्याबद्दल बोलतो ते तिथेच वाजवून त्याला पकडता येते. त्याहून उपयोगी गोष्ट अल्बमच्या पानावर, मुखपृष्ठाजवळ असते. विकत घेणाऱ्यांनी लिहिलेल्या एक-दोन ओळी आणि त्याखाली त्यांचे आवडते गाणे. ही नावे मोजावीत. दहा गाण्यांच्या अल्बममध्ये पसंती सात-आठ गाण्यांवर विखुरलेली असेल तर अख्खा अल्बम घ्यावा. सगळ्यांनी एकच गाणे निवडले असेल तर बहुतेक वेळा ते सुटेही विकत मिळते.